गिटारच्या रेकॉर्डिंगमागे गुंऽऽ आवाज येतोय? नवा इंटरफेस घ्यायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो, तुमचं त्यातलं कोणतं ते बघा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही की गाणं रेकॉर्ड केलं, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा एकदम साफ वाटलं, ग्रुपवर टाकून दिलं, आणि मग कोणीतरी इअरफोन लावून ऐकलं न विचारलं, "भाऊ, मागं डीपीसारखं काय गुणगुणते?" डीपी म्हणजे गावातला लाइटीचा ट्रान्सफॉर्मर. मोबाईलच्या बारक्या स्पीकरमधून इतका खालचा आवाज निघतच नाही, म्हणून आपल्याला कळत नाही आणि ऐकणाऱ्याला कळतं.

दुसरं लक्षण, गिटारला जॅक लागतो तिथल्या धातूला किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की आवाज कमी होतो, हात काढला की परत चढतो. तिसरं, चार्जर लावला की सुरू, काढला की बंद. चौथं, लाईट गेली, घर इन्व्हर्टरवर गेलं की गुंऽऽ चा घर्रर्र होतो.

पाचवं, लॅपटॉपवर मनगट टेकलं की झिणझिण लागते, किंवा तारांवर हात असताना माइकला ओठ लागले की चटका बसतो. हे असेल तर मधलं सगळं सोडून थेट खाली अर्थिंगवर जा, आणि तोवर चार्जर काढून ठेवा.

अजून दोन आवाज आहेत जे या प्रकारातले नाहीत. टिट्-टिटिट्-टिटिट् असा तुटक आवाज मोबाईलच्या नेटवर्कचा असतो, फोन फ्लाइट मोडवर टाकला की संपलं. आणि लीड, म्हणजे गिटारची केबल, हलवली की कड्कड् होत असेल तर लीड किंवा जॅक ढिला आहे, ते खाली येईलच.

मी आर्वी तालुक्यात राहतो, गिटार वाजवतो, गावच्या भजनी मंडळाचं साउंडही मीच लावतो. आजूबाजूच्या गावातली पोरं-पोरी घरी बसून गाणी वाजवून रेकॉर्ड करतात, आणि आवाज यायला लागला की मला फोन करतात. हाच एक फॉल्ट मी इतक्या घरात काढलाय की आता कोणाच्या घरात शिरलो की नजर गिटारकडे जायच्या आधी स्वीचबोर्डाकडे जाते. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय, कारण मला फार वाईट वाटतं जेव्हा एखादा पोरगा सोयाबीन विकल्यावर घरून मिळालेले पैसे नव्या इंटरफेसवर (गिटार, माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घालतो आणि नव्या इंटरफेसमधूनही तोच आवाज येतो.

पहिले हे लाइनीचंच हमिंग आहे का ते पक्कं करा. त्याला मीटरबिटर लागत नाही, गिटारच पुरते. आपल्याकडची लाईट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तिचं हमिंग ५० वर आणि त्याच्या दुपटीवर, १०० वर ऐकू येतं, इअरफोनमध्ये १०० वालंच जास्त जाणवतं. आता गिटार ट्यूनरने नीट लावा आणि सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून वाजवा, तो खालचा जी, म्हणजे ९८ हर्ट्झ. मागचा गुंऽऽ आणि तुमचा जी जवळजवळ एकाच जागी येतात पण पूर्ण जुळत नाहीत, आणि त्यातून वांव-वांव-वांव अशा लाटा ऐकू येतात, सेकंदाला साधारण दोन. हेडफोन लावून शांतपणे ऐका, एकदा कानाला कळलं की आयुष्यभर विसरत नाही. लाटा आल्या तर आवाज लाइनीचा. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असेल तर नुसत्या शांततेचे दहा सेकंद रेकॉर्ड करून, सिलेक्ट करून, ॲनालाइजमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, ५०, १००, १५० वर खांबासारखी टोकं उभी दिसतात.

माइकने रेकॉर्ड करणाऱ्यांनी एक अजून करायचं. कूलरचा, पंख्याचा, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज हवेतून माइकमध्ये येतो, आणि तो वेगळाच विषय आहे. माइकची केबल माइकच्या टोकाला काढा, इंटरफेसचा गेन (आवाज चढवायचं बटण) तसाच ठेवा. आवाज गेला तर तो हवेतून किंवा माइकमधून येत होता, राहिला तर विजेतून येतोय. हवेतल्या आवाजावर अर्थिंग करून काही होत नाही, तिथे पहाटे रेकॉर्ड करणं हाच उपाय.

आता तपासणी. क्रम मोडू नका, वरच्या गोष्टी फुकट आहेत आणि बहुतेक वेळा फॉल्ट तिथेच सापडतो.

पहिली पाच मिनिटांची. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जर सॉकेटमधून काढा, नुसता स्वीच बंद नका करू, पिनच बाहेर काढा. बाहेरचे स्पीकर लॅपटॉपला किंवा इंटरफेसला लागले असतील तर तेही काढा, हेडफोनवर ऐका. म्हणजे आता तुमच्या सेटअपमधली एकही वस्तू भिंतीला लागलेली नाही. दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा. आवाज गेला? मग गिटार, पिकअप (गिटारमधला आवाज पकडणारा भाग), लीड, इंटरफेस सगळे निर्दोष आहेत, आणि जे काही आहे ते भिंतीतून येतंय. मोबाईलवर रेकॉर्ड करत असाल तरी हेच, चार्जिंगला लावून रेकॉर्ड करू नका. कित्येकांचं काम इथेच होतं, बॅटरीवर टेक घ्यायचे, चार्जर मधल्या वेळात लावायचा. पण चार्जर लावल्यावर आवाज का येतो हे सोडून देऊ नका, ते नंतर.

बॅटरीवरही आवाज थोडा राहिला तर खोलीतल्या वस्तू एकेक करून बंद करा, एकदम सगळ्या नाही, नाहीतर कोणती होती तेच कळत नाही. आपल्याकडे चैत्र लागला की कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, पारा चढलेला असतो, मला माहीत आहे, पण चाचणीपुरता दहा सेकंद बंद करा. कूलरची मोटर, पाण्याचा पंप आणि रेग्युलेटर, तिन्ही आवाज फेकतात. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो विजेची लाट कापून कापून पंख्याला देतो, आणि त्या कापलेल्या कडांचा बर्रर्र असा आवाज पिकअप पकडतो. युक्ती सोपी, पंखा एकतर पूर्ण पाचवर ठेवा नाहीतर बंद, तीनवर सगळ्यात वाईट. मग चोकवाली ट्यूबलाइट, मग स्वस्तातले एलईडी बल्ब. आणि तुम्ही कुठे बसता तेही बघा, कूलरपासून दोन-तीन फूट लांब सरकलं, गिटार थोडी तिरकी धरली की फरक कानाला कळतो. गिटारची लीड आणि लाइटीची वायर एकमेकींना चिकटून समांतर गेलेली नको, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. रोजचे टेक पहाटे घ्या, साडेचार-पाचला, तेव्हा कूलरही लागत नाही आणि गावातल्या मोटारीही बंद असतात.

इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झी लिहिलेलं बटण असतं, गिटार लावल्यावर ते दाबलेलं हवं. विशेषतः गिटारमध्ये प्रीॲम्प (पिकअपचा आवाज वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) नसेल, नुसता पिएझो, म्हणजे लाकडाची थरथर पकडणारा पिकअप चिकटवलेला असेल तर. ते नसलं की आवाज पातळ आणि बारीक येतो, मग आपण गेन चढवतो, आणि गेनसोबत हमिंगही चढतं. गिटारमध्ये प्रीॲम्प असेल तर त्याची ९ व्होल्टची बॅटरी बदलून बघा. ती उतरली की आवाज फाटतो, कमी होतो, तेव्हाही आपण गेनच चढवतो. वाजवून झालं की लीड गिटारमधून काढून ठेवत जा, बहुतेक गिटारींमध्ये लीड घातली की प्रीॲम्प चालू होतो, रात्रभर घालून ठेवली की बॅटरी रात्रभर जळते.

मग लीड. मित्राकडून एक चांगली लीड मागून आणा आणि बदलून बघा, विकत आणायची घाई नको. कारंजा घाडगेकडचा एक पोरगा आलता, त्याने आधी पिकअप बदलला होता, मग इंटरफेस, दोन्ही नवे, आणि गुंऽऽ जसाच्या तसा. मी त्याच्या लीडच्या प्लगचं टोपण फिरवून मागे सरकवलं. आत मधली तार झाळ लावून बरोबर टोकाला चिकटलेली होती, म्हणून गिटारचा आवाज येत होता. पण तिच्याभोवती जी बारीक तांब्याची जाळी असते, ती मुरगळून ज्या पत्र्याला झाळायची, तिथून सुटली होती, तीनच केस त्या पत्र्याला अडकले होते, बाकीची जाळी कुंच्यासारखी पिंजून मोकळी. ही जाळीच बाहेरच्या विजेला अडवते आणि जमिनीकडे नेते. ती तुटली की ती अख्खी दहा फुटाची लीड अँटेना होऊन बसते. दोन मिनिटांची झाळ, वायरचं साल सोलायला धरून पंधरा मिनिटं. पोरगं बराच वेळ त्या तीन केसांकडे बघत बसलं. मला तेव्हापासून असं वाटतं की ज्याने गिटार घेतली त्याने सोल्डरिंग गन धरायला शिकावी, अवघड नाही, आणि प्लग उघडायला कोणताही धोका नाही, फक्त आधी लीड दोन्ही बाजूंनी काढलेली पाहिजे. लीड जितकी लांब तितका त्रास, घरात दहा फूट पुरे, वीस फुटाच्या वर कशाला लागते.

लीडचा प्लग गिटारमध्ये घातल्यावर ढिला लागत असेल, हलवल्यावर कड्कड् होत असेल तर गिटारच्या जॅकची नट हाताने घट्ट करून बघा, पण पकड लावून जोर देऊ नका, आत अख्खा जॅक फिरला की वायर पिळून तुटते. आतला प्रीॲम्प उघडायची वेळ आली तर तिथे थांबा आणि गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, नागपूर-अमरावतीला चक्कर पडली तरी चालेल. तारा ढिल्या करून आत हात घालताना आतल्या लाकडी पट्ट्या मोडलेल्या मी पाहिल्यात.

लॅपटॉपचा माउस हलवला की आवाज बदलतो, बारीक किणकिण येते, तर तो यूएसबीचा आवाज आहे, दुसऱ्या पोर्टला लावा, मधला हब काढा. एवढंच.

आता भिंतीकडे. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर किंवा पॉवरचे स्पीकर दुसऱ्या बोर्डावर, आणि मधे केबलने दोघं जोडलेले, अशी मांडणी असेल तर दोन अर्थच्या वायरी आणि मधली केबल मिळून एक मोठं कडं तयार होतं, आणि त्या कड्यात लाइनीचं हमिंग फिरत राहतं. साउंडवाले याला ग्राउंड लूप म्हणतात. सगळं एकाच बोर्डातून एकाच एक्स्टेंशनवर घ्या, तीन पिनचं, चांगल्या वायरचं एक्स्टेंशन, आणि त्यावर कूलर किंवा प्रेस लावू नका. लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन स्पीकर याला काही फार करंट लागत नाही. तरी राहिलं तर डीआय बॉक्स मिळतो, सिग्नलच्या केबलच्या मधे लावायचा छोटा डबा, त्यावर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो फक्त सिग्नलच्या केबलची जमीन तोडतो, विजेची नाही, म्हणून तो सुरक्षित.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे मंडपातल्या साउंडवर सर्रास एक उपाय करतात, तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन पकडीने तोडायची, किंवा दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घालायची. आवाज थांबतो, हे खरं आहे, लूप तुटतो म्हणून थांबतो. पण ती पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब यासाठी केली आहे की प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. आत कधी फेजची वायर पत्र्याला लागली तर वीज तुमच्या अंगातून जायच्या ऐवजी त्या पिनमधून जावी आणि फ्यूज उडावा, यासाठी ती आहे. गिटारवाल्याला धोका बाकीच्यांपेक्षा जास्त, कारण आपला एक हात लोखंडी तारांवर असतो आणि तोंड माइकला लागलेलं असतं, म्हणजे वीज शिरायला आणि निघायला दोन्ही जागा आपणच देतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर अर्थ नसलेल्या माइकला हात लागून गेला. १९७६ मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी गिटार वाजवताना शॉक लागून गेला. पिन तोडू नका, आणि कोणी तोडलेली दिसली तर तो प्लग बदलायला लावा.

इन्व्हर्टरचं थोडक्यात. लाईट गेल्यावरच घर्रर्र येत असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. महावितरणची लाईट गोल लाटेची येते, हा चौकोनी लाट बनवतो, आणि चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यातून वरचे सूर निघतात, पंखासुद्धा त्यावर कुरकुरतो. याला दुरुस्ती नाही. लाईट नसताना लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्ड करा, आणि पुढे कधी इन्व्हर्टर बदलायचा झाला तर साइन वेव्हचा घ्या.

आणि आता अर्थिंग, ज्यासाठी मी मुळात हे लिहायला बसलो.

बॅटरीवर साफ, चार्जर लावला की गुंऽऽ, पत्र्याला हात लावला की कमी, आणि मनगटाला झिणझिण, या चार गोष्टी एकत्र आल्या आणि चार्जर तीन पिनचा असेल तर बोर्डाला अर्थिंग नाही असंच धरून चाला. कारण असं की तीन पिनच्या चार्जरमध्ये दोन बारके कॅपॅसिटर असतात, एक फेजकडून अर्थकडे आणि एक न्यूट्रलकडून अर्थकडे, चार्जरचा स्वतःचा विजेचा कचरा जमिनीत सोडायला. जमीनच जोडलेली नसेल तर तो कचरा लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन बसतो, फेज आणि न्यूट्रलच्या साधारण मधोमध, मीटर लावला तर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. करंट फार थोडा असतो म्हणून झटका बसत नाही, झिणझिण होते. तोच पत्रा यूएसबीतून इंटरफेसला, इंटरफेस लीडमधून गिटारला, आणि गाण्यामागे तो गुंऽऽ. तुम्ही हात लावता तेव्हा थोडा कचरा तुमच्या अंगातून जमिनीत जातो म्हणून आवाज कमी होतो. म्हणजे अर्थिंगचं काम त्या क्षणी तुम्ही करत असता.

ती झिणझिण स्वतः जीव घेत नाही, पण ती सांगते की या घराला अर्थ नाही, आणि त्याच घरात लोखंडी बॉडीचा कूलर पाण्याने भरून चालू असतो. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपण वाचतो, कोणाचं तरी लहान लेकरू असतं. म्हणून गाण्यातला गुंऽऽ ऐकू आला तर मला तो घराने दिलेला इशारा वाटतो, आणि मी तो रेकॉर्डिंगपुरता बघूच शकत नाही.

तुम्ही स्वतः काय बघू शकता? बोर्ड न उघडता एवढंच. सॉकेटमध्ये तीन भोकं आहेत का, चार्जर तीन पिनचा आहे का दोन पिनचा. दोन पिनच्या चार्जरला अर्थ नसतोच, तिथे घरात अर्थिंग असूनही थोडी झिणझिण राहते, तिथे टेक बॅटरीवरच घ्या. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, प्लगसारखा खुपसायचा, दिव्यांवरून अर्थ आहे की नाही ते दाखवतो, महाग नसतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात नसला तर मागवून मिळतो. घरातले सगळे बोर्ड त्याने तपासा, कूलरचा पहिला. स्क्रूड्रायव्हरवाल्या टेस्टरवर इथे भरवसा ठेवू नका, तो इतक्या कमी करंटवर पेटतो की लॅपटॉपच्या पत्र्यावरही मिणमिणतो, आणि अर्थिंग चांगलं आहे की नाही हे तो सांगूच शकत नाही.

बस, इथे तुमचं काम थांबलं. बोर्ड उघडू नका, मेन बंद केला तरी उघडू नका, कारण बऱ्याच घरांत मेनचा खटका न्यूट्रलवर बसवलेला मी पाहिलाय, खटका बंद आणि फेज जिवंत. अर्थची वायर न्यूट्रलला जोडून घ्यायचा सल्ला कोणी देईल, हे लै चालतं आपल्याकडे, ते तर अजिबात नको, बाहेर कुठे न्यूट्रल तुटली की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. नळाच्या किंवा बोअरच्या पाइपाला वायर गुंडाळणं पण नको, पाइप मधे कुठेतरी प्लास्टिकचा झालेला असतो. लायसन्सवाला वायरमन बोलवा.

पुलगावच्या अलीकडच्या एका खेड्यात बीएस्सीला असलेली एक पोरगी फार सुंदर फिंगरपिकिंग करते, तिने फोन केला, "दादा, मले वाटते गिटारच खराब हाय, बाबा म्हणते विकून टाक." मी गेलो, चार्जर काढला, साफ. चार्जर लावला, गुंऽऽ. तिच्या लॅपटॉपवर बोटाची मागची बाजू हलकी फिरवली तर मखमलीवरून फिरवल्यासारखं खरखरलं, ही खूण पक्की. तिच्या बाबांना म्हटलं, काका, गिटार विकू नका, वायरमन बोलवा. वायरमनभाऊ आले, त्यांनी खांबावरून येणाऱ्या लाइनीचा कटआउट (मेन फ्यूज) काढला, टेस्टरने तपासलं, मग बोर्ड उघडला. आत लाल वायर, काळी वायर बरोबर लागलेली. हिरवी वायर पाइपातून आत आलेली होती, पण तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ती मागे कोंबून दिलेली, टेप इतक्या उन्हाळ्यांनी गुळासारखी चिकट झालेली. सॉकेटच्या वरच्या भोकाचा स्क्रू कधी कोणी फिरवलाच नव्हता, त्यावर कारखान्यातली चकाकी तशीच होती. घर बांधलं तेव्हापासून त्या खोलीला अर्थ नव्हता, आणि त्याच बोर्डावर कूलर लागत होता. काका काही बोलले नाहीत, उठून कूलरची पिन काढून आले.

वायर जोडली, तरी मीटरवर रीडिंग नीट नव्हतं, मग बाहेर अंगणात अर्थिंगचा पाइप शोधला. तुळशीच्या मागे होता, भोवतीच्या काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आकसली की पाइपाला सोडून देते, मग पाइप हवेत उभा असल्यासारखा. सुकलेल्या मातीतून वीज नीट उतरत नाही. म्हणून तर जुने लोक अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालत आले, कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीतून वीज वाहू देतं, आणि उन्हाळ्यात वरून पाणी घालावं लागतं. त्या घरी पाइप वरून गंजून जोडाजवळ खाल्ला गेलेला होता, वायरमनने नवा खड्डा करून नवा पाइप टाकायला सांगितला, काकांनी दुसऱ्या दिवशी तो करूनच घेतला. नंतर मी त्याच गेनवर, त्याच लीडने, चार्जर लावून शांतता रेकॉर्ड केली. पोरीने हेडफोन लावले, बराच वेळ ऐकत राहिली न म्हणाली, "दादा, आता त रातकिडे ऐकू येते."

वायरमन आला की त्याच्याकडून दोन गोष्टी समोर करवून घ्या, मागायला लाजू नका. फेज ते अर्थ मोजलं तर फेज ते न्यूट्रलएवढंच, २३० च्या आसपास आलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पण मीटर नाजूक असतो, कच्च्या अर्थवरही तो २३० दाखवून देतो, म्हणून नुसत्या मीटरवर समाधान मानू नका, अर्थवर थोडा लोड टाकून किंवा अर्थ टेस्टरने तपासायला सांगा. तो कसा करायचा ते त्याला माहीत असतं, तुम्ही करू नका. आणि हात लागलेला आहेच तर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे थोडी वीज गळली तरी लगेच लाईट तोडणारा खटका, बसवायचं विचारा. पैसे लागतात, पण माझं मत विचाराल तर नवा माइक घ्यायच्या आधी ती घ्या, ती तुमच्यासोबत घरातल्या सगळ्यांना सांभाळते.

आणि एक लक्षण असं आहे की ज्यात वायरमनचंही काम नाही. शेजारच्याची मोटर सुरू झाली की तुमचे बल्ब एकदम प्रखर होतात, किंवा गल्लीत एका घरी दिवे मंद आणि दुसऱ्या घरी डोळे दिपतील असे, आणि त्याच वेळी हमिंग वाढतं, तर खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रल ढिली आहे. लॅपटॉप, टीव्ही, फ्रिज सगळ्यांच्या पिना काढा आणि लाइनमनला सांगा, नाहीतर १९१२ ला फोन लावा. डीपीजवळ स्वतः जाऊ नका, गावात कोणी हुशार काठीने फ्यूज टाकून देतो म्हणाला तरी नको.

ज्यांचं चांगलं गायलेलं गाणं आधीच हमिंगसकट रेकॉर्ड झालंय आणि परत तसं गाता येणार नाही, त्यांच्यासाठी. ऑडॅसिटीत नॉच फिल्टरने (एकाच सुराची बारीक पट्टी कापणारा फिल्टर) ५० कापा, बिनधास्त कापा, गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झला आहे, ५० वर तिचं काही नाही. १०० आणि १५० वर मात्र हात आखडता ठेवा, १५० च्या अगदी जवळ चौथी मोकळी तार वाजते. आणि ॲकॉस्टिक गिटारच्या पेटीतली हवा १०० च्या आसपास घुमते, तीच तिची छाती, ती कापली की गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. नॉइज रिडक्शन वापरायचं असेल तर सुरुवातीची शांतता नमुना म्हणून द्या आणि सहा डेसिबलच्या आसपासच थांबा, जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तारेवर बोट सरकल्याचा आवाज तर पार मरतो, आणि तोच आवाज ऐकायला तर लोक ॲकॉस्टिक ऐकतात.

वायरमन गेला की त्याच दिवशी एक काम करा. नेहमीचा गेन, नेहमीची लीड, नेहमीची जागा, चार्जर लावलेला, एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून तारीख घालून ठेवून द्या. दर टेकच्या आधीही दहा सेकंद शांतता घेत जा. चैत्र-वैशाखात परत तेवढीच शांतता रेकॉर्ड करून जुन्या फाइलीसोबत लावून ऐका, गुंऽऽ थोडा जरी वर आलेला वाटला तर अर्थिंगच्या खड्ड्यात संध्याकाळी दोन बादल्या पाणी घाला, दोन दिवस जाऊ द्या न परत ऐका. तरी नाही उतरला तर वायरमनला परत बोलवा, आणि तोवर कूलर पाण्याने भरताना त्याची पिन काढलेली असू द्या.